गुजराती म्हणजे नक्की कोण? शेठजींच्या पलीकडचा गुजरात

गुजराती लोकांबद्दल मराठी घरात जेवढी ठाम मतं असतात तेवढी माहिती नसते. डाळीत साखर घालतात, नॉनव्हेज खाणाऱ्याला सोसायटीत घर देत नाहीत, धंद्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नाही, एवढं प्रत्येकाला पाठ असतं. यातलं सगळंच खोटं आहे असं नाही, पण हे मुंबईत दिसणाऱ्या गुजरात्यांवरून बनलेलं मत आहे आणि मुंबईत आपल्याला दिसतो तो बहुतेक वेळा वाणी, जैन, भाटिया, लोहाणा, कच्छी नाहीतर पटेल. छोटा उदेपूरचा राठवा आदिवासी, गीरजवळच्या जांबूर गावातला सिद्दी, कच्छच्या रणाकडेला उंट घेऊन फिरणारा रबारी, वेरावळचा मासेमार खारवा, हे काही घाटकोपरला भेटत नाहीत. तेही गुजरातीच. मग या सगळ्यांना एकत्र बांधतं ते काय?

आधी नकाशा बघू, कारण अर्धं उत्तर तिथेच आहे. गुजरात हा एक सलग प्रदेश कधीच नव्हता. पश्चिमेला समुद्रात घुसलेलं द्वीपकल्प म्हणजे सौराष्ट्र, ज्याला जुनी माणसं अजून काठियावाड म्हणतात. त्याच्या वर कच्छ, जिथली कच्छी भाषा गुजरातीपेक्षा सिंधीला जवळची आणि जिथे नवीन वर्षसुद्धा वेगळं, आषाढी बीजेला. उत्तरेला पाटण-मेहसाणा, मध्ये मही आणि साबरमतीच्या मधला सुपीक चरोतर म्हणजे खेडा-आणंदचा पट्टा, खाली तापीकाठचं सुरत, आणि पूर्वेला राजस्थान, मध्य प्रदेश, महाराष्ट्राला चिकटलेली आदिवासी डोंगरपट्टी. आदिवासी राज्याच्या लोकसंख्येत जवळपास १५ टक्के आहेत, हे कुणाला सांगितलं तर पटत नाही, कारण जाहिरातीतल्या गुजरातमध्ये ते दिसतच नाहीत. सुरती माणूस आणि काठियावाडी माणूस एकमेकांच्या बोलीची, जेवणाची, स्वभावाची जी चेष्टा करतात ती पुणेकर-नागपूरकर प्रकाराच्या वरताण आहे. सुरती बोलीत स चा ह होतो, म्हणजे सुरतचं हुरत, आणि काठियावाडी लोक त्यावर हसतात, मग सुरती लोक काठियावाड्यांच्या रांगडेपणावर.

राजकीय इतिहास थोडक्यात सांगतो, नाहीतर तो राजांच्या यादीत हरवतो. उत्तर गुजरातमधलं अणहिलवाड पाटण ही सोळंकी राजांची राजधानी. ११ व्या शतकातली राणीनी वाव (म्हणजे पायऱ्यांची विहीर, शंभराच्या नव्या नोटेवर मागे छापलीय ती) आणि मोढेराचं सूर्यमंदिर त्याच काळातलं. १२ व्या शतकात सिद्धराज जयसिंहाच्या दरबारात हेमचंद्राचार्य नावाचे जैन साधू होते, त्यांनी संस्कृत, प्राकृत आणि अपभ्रंश यांचं मोठं व्याकरण लिहिलं आणि त्यात उदाहरणं म्हणून त्या काळचे लोकांच्या तोंडचे दोहे टाकले. गुजराती भाषेचे अगदी सुरुवातीचे धागे अभ्यासक त्या दोह्यांत शोधतात. मग १२९९ मध्ये खिलजीची फौज आली, १४०७ मध्ये गुजरातची स्वतंत्र सल्तनत उभी राहिली, १४११ मध्ये अहमदशहाने अहमदाबाद वसवलं, आणि १५७०च्या दशकात अकबराने सगळं मुघल साम्राज्यात घेतलं.

या सल्तनतीचा आपल्याशी एक थेट संबंध आहे जो शाळेत कुणी नीट सांगत नाही. मुंबईची बेटं आणि वसई साधारण शंभर वर्षं गुजरातच्या सुलतानाच्या ताब्यात होती. १५३४ मध्ये हुमायून मागे लागलेला असताना सुलतान बहादूरशहाला पोर्तुगीजांची मदत हवी होती, म्हणून त्याने वसई आणि तिच्याबरोबर ही बेटं पोर्तुगीजांना देऊन टाकली. पुढे तीन वर्षांनी त्याच पोर्तुगीजांशी दीवला झालेल्या चकमकीत तो मेला, ते असो. पण माझ्या मते गुजराती ओळख या कुठल्याच राजाने घडवलेली नाही. आपल्याकडे शिवाजी महाराज हा एक असा बिंदू आहे की मराठी ओळखीच्या सगळ्या गोष्टी तिथे येऊन मिळतात, गुजरातकडे तसा बिंदू नाही, आणि तो नसणं हीच त्यांना समजून घ्यायची किल्ली आहे. त्यांच्याकडे आहे समुद्र, पेढी आणि भाषा.

समुद्राचं असं की देशातला सगळ्यात लांब किनारा गुजरातचा, आणि मोसमी वारे त्यांच्या सोयीचे. हिवाळ्यात ईशान्येकडून वारा सुटला की मांडवी, पोरबंदर, खंभातची गलबतं शिडं उभारून अरबस्तानात आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याला जायची, वारा फिरला की परत यायची. मधले महिने तिकडेच काढायचे, म्हणजे राहायला जागा हवी, ओळखीचा माणूस हवा, उधारी हवी, त्यातून परदेशात वस्त्या झाल्या. म्हणजे परदेशात जाऊन राहणं ही त्यांची गेल्या पन्नास वर्षांतली सवय नाहीये, ती वाऱ्याच्या वेळापत्रकाने लावलेली आहे. १६ व्या शतकाच्या सुरुवातीला तोमे पिरेस नावाच्या पोर्तुगीजाने लिहून ठेवलंय की खंभातचे दोन हात लांबवर पसरलेत, एक एडनला पोचतो आणि दुसरा मलाक्काला. आणि ते न्यायचे काय तर मुख्यतः कापड. इजिप्तमध्ये कैरोजवळ फुस्तात नावाच्या जुन्या शहराच्या ढिगाऱ्यात गुजरातमधल्या छापील सुती कापडाचे तुकडे सापडलेत, आणि पाटणच्या पटोळ्याला इंडोनेशियाच्या राजघराण्यांत इतका मान की ते समारंभात मिरवायचं वस्त्र झालं. खंभातचे अकीकाचे मणी तर त्याहून जुने, लोथल आणि धोलावीरा या हडप्पा काळातल्या जागांवर मणी बनवण्याचे कारखाने सापडले आहेत.

आता पेढी. व्यापाऱ्यांना नुसता माल आणि जहाज असून चालत नाही, पैसे बुडाले तर कोणाकडे जायचं हा प्रश्न असतो, आणि राजे सारखे बदलत असताना त्याचं उत्तर राजा नसतो. त्यासाठी त्यांच्याकडे महाजन होतं. आपल्याकडे महाजन म्हटलं की सावकार डोळ्यासमोर येतो, इथे त्याचा अर्थ धंद्याची संघटना, म्हणजे सराफांचं महाजन, कापडवाल्यांचं महाजन वगैरे. सुट्टी कधी, माल कसा मोजायचा, कोणाचं भांडण कसं मिटवायचं, पांजरापोळीसाठी (म्हाताऱ्या, लंगड्या जनावरांचा सांभाळ करणारी जागा) प्रत्येक व्यवहारावर किती लागा, म्हणजे वर्गणी, घ्यायचा, सगळं तेच ठरवणार, आणि ऐकलं नाही तर त्या माणसाशी कुणी व्यवहारच करणार नाही. या सगळ्यांच्या वर शहराचा नगरशेठ, म्हणजे सगळ्या व्यापाऱ्यांचा म्होरक्या. हुंडी नावाचा कागद सुरतेत लिहिला की आग्र्यात पैसे मिळायचे, त्यामागे कुठलं सरकार नव्हतं, फक्त ही अब्रू होती. अब्रू गेली की माणूस संपला, त्यामुळे आपल्याला जो चिकटपणा वाटतो, पै-पैचा हिशोब, तो त्या व्यवस्थेत जगायची अट होती.

या महाजनांची ताकद बघायची तर १६६९ चा प्रसंग बघा. औरंगजेबाच्या काळात सुरतच्या काझीने हिंदू-जैन वाण्यांवर धर्मांतराची जबरदस्ती सुरू केली तर भीमजी पारेख नावाच्या व्यापाऱ्याच्या पुढाकाराने जवळपास ८,००० वाणी पुरुष दुकानं बंद करून सुरत सोडून भरूचला निघून गेले. एक तलवार निघाली नाही. पण बाजार बंद, जकात बंद, शहराचा श्वास कोंडला, आणि शेवटी बादशहाकडून आश्वासन मिळाल्यावर काही महिन्यांनी ते परत आले. पुढे गांधीजींनी हरताळ नावाचं हत्यार देशभर वापरलं ते काही हवेतून आलं नव्हतं, ते पोरबंदर-राजकोटच्या वाणी घरातला मुलगा होते, हे सगळं त्यांच्या आजूबाजूला होतं. अर्थात याच व्यवस्थेची काळी बाजूही त्यांनी अनुभवली, १८८८ मध्ये विलायतेला शिकायला निघाले तर मोढ वाणी जातपंचायतीने मुंबईत बैठक घेऊन त्यांना वाळीत टाकलं.

आणि मराठे? हा भाग आपण एका बाजूने वाचतो. सुरतेची लूट, १६६४ आणि १६७०, आपल्यासाठी स्वराज्याच्या खजिन्याची गोष्ट आणि ती तशी आहेच, मुघलांचं ते सगळ्यात श्रीमंत बंदर होतं, हज यात्रेची जहाजं तिथून सुटायची. पण पलीकडून बघितलं तर वीरजी व्होरासारख्या, त्या काळच्या जगातल्या बड्या व्यापाऱ्यांत गणल्या जाणाऱ्या माणसाचं घर त्यात लुटलं गेलं. पुढे १७२५ मध्ये मराठी फौजा अहमदाबादच्या वेशीवर आल्या तेव्हा नगरशेठ खुशालचंदने स्वतःच्या पदरचे पैसे देऊन शहर वाचवलं, आणि त्या उपकाराची फेड म्हणून तिथल्या व्यापाऱ्यांनी दर शंभर रुपयांच्या मालावर चार आणे त्याच्या घराण्याला द्यायचं कबूल केलं. त्यामुळे एखादा जुना अहमदाबादी मराठ्यांबद्दल बोलताना जरा आखडून बोलला तर त्यामागे हे आहे.

पण तेवढंच नाही. मराठ्यांचे सेनापती दाभाडे यांच्या हाताखाली गुजरातेत उतरलेल्या गायकवाडांनी बडोद्याला जे राज्य उभं केलं ते १९४९ पर्यंत टिकलं, आणि त्यात नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावातून दत्तक गेलेल्या मुलाने, म्हणजे सयाजीराव महाराजांनी, १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण लागू केलं, ब्रिटिश हिंदुस्थानात तेव्हा असं कुठेच नव्हतं. डॉ. आंबेडकरांना परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ती त्यांचीच. बडोद्यात आजही मराठी कुटुंबं आहेत जी पिढ्यानपिढ्या तिथेच राहिली, घरात मराठी आणि बाहेर गुजराती, आणि बडोद्याची सेव-उसळ ही तिथली खास डिश समजली जाते. उसळ तिथे कोणी नेली ते सांगायला नको.

तिसरी गोष्ट भाषा. १५-१६ व्या शतकापर्यंत गुजराती आणि मारवाडी या जवळपास एकच भाषा होत्या, नंतर फुटल्या. १५ व्या शतकात जुनागढच्या नरसिंह मेहतांनी पदं लिहिली, ‘वैष्णव जन तो’ त्यांचंच, आणि ते नागर ब्राह्मण असून अस्पृश्य वस्तीत भजनाला गेले म्हणून जातीने त्यांना छळलं अशी कथा आहे. लिपीचं एक मजेशीर आहे, गुजराती अक्षरं म्हणजे साधारण आपलीच देवनागरी पण डोक्यावरची रेघ नाही. ही वाण्यांची वहीखात्याची लिपी होती, पटापट लिहायला रेघ कोण ओढत बसणार, पोथ्या देवनागरीत आणि हिशोब या लिपीत. १९ व्या शतकात छपाई आली तेव्हा ही दुकानातली लिपीच साऱ्या भाषेची लिपी झाली आणि पोथीवाली मागे पडली.

आणि ही छपाई वाढली कुठे तर मुंबईत, आणि केली पारश्यांनी. इराणहून येऊन संजाणला उतरलेले आणि शेकडो वर्षांत गुजरातीच मातृभाषा झालेले पारशी. सुरतेला उतरती कळा लागली तसा सगळा ओघ मुंबईकडे वळला, १७३६ मध्ये लवजी वाडिया सुरतेहून जहाजं बांधायला आले, मागोमाग सराफ, दलाल, कापडवाले. १८२२ मध्ये फर्दुनजी मर्झबान यांनी ‘मुंबई समाचार’ काढलं आणि ते आजही निघतं, आशियातलं आज चालू असलेलं सगळ्यात जुनं वर्तमानपत्र. म्हणजे गुजरातीतला सगळ्यात जुना पेपर गुजरातमधला नाहीच, तो मुंबईचा.

मग प्रश्न आला की गुजराती कोणाला म्हणायचं. सुरतचा कवी नर्मद (१८३३-१८८६) यावर खूप झगडला. त्याने एकट्याने गुजरातीचा मोठा शब्दकोश केला आणि ‘जय जय गरवी गुजरात’ लिहिलं, ज्यात तो अंबाजी, द्वारका, सोमनाथ, पावागड अशी देवस्थानं चारी दिशांना उभी करून गुजरातची सीमा आखतो. लक्षात घ्या, तेव्हा हा प्रदेश अर्धा ब्रिटिश, अर्धा शेकडो संस्थानांत चिरलेला, एकट्या काठियावाडात दोनशेच्या वर संस्थानं होती, काही तर एका गावाची. त्यामुळे नर्मदला सीमा देवळांनी आखावी लागली कारण दुसरी कुठली नव्हतीच. पुढे कन्हैयालाल मुन्शींनी सोळंकी काळावर कादंबऱ्या लिहून पाटणचा सुवर्णकाळ घराघरात नेला आणि ‘गुजरातनी अस्मिता’ ही घोषणा रुजवली. माझं मत विचाराल तर इथे काहीतरी निसटलंही, कारण मुन्शींच्या गुजरातमध्ये सल्तनतीची वर्षं, गुजराती बोलणारे बोहरा, खोजा, मेमण हे मुसलमान समाज, हे सगळे हळूहळू पडद्यामागे जातात. दाऊदी बोहरा तर गुजराती भाषाच अरबी लिपीत लिहितात, यापेक्षा गुजराती काय असायचं?

हे पडद्यामागे जाणं नुसतं पुस्तकात राहिलं नाही. १९६९, १९८५, २००२, या दंगलींनी अहमदाबादसारख्या शहरांचे मोहल्ले धर्मानुसार वेगळे झाले, आणि गुजराती ओळख या विषयावर बोलताना हे गिळून पुढे जाता येत नाही.

राज्य म्हणून गुजरात तर अगदी अलीकडचा, आपल्याच दिवशी जन्मलेला. १९५६ मध्ये सौराष्ट्र आणि कच्छ ही वेगळी राज्यं, शिवाय विदर्भ आणि मराठवाडा, हे सगळं घालून एक अवाढव्य द्वैभाषिक मुंबई राज्य बनवलं गेलं आणि ते दोन्हीकडे कुणालाच नको होतं. आपल्याकडे संयुक्त महाराष्ट्र, तिकडे महागुजरात, आपल्याकडे अत्रे-डांगे-एसेम, तिकडे इंदुलाल याज्ञिक. ऑगस्ट १९५६ मध्ये अहमदाबादेत विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला, तिकडेही हुतात्मा स्मारक आहे, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं. भांडण खरं मुंबईवरून होतं कारण शहराचं भांडवल बऱ्याच अंशी गुजराती-पारशी हातात आणि गिरणीत घाम गाळणारा कोकणातला आणि घाटावरचा, त्यामुळे त्या भांडणात भाषेइतकाच वर्ग पण होता. १ मे १९६० ला मुंबई आपल्याकडे आली, डांग आणि उंबरगाव तिकडे गेलं. दारूबंदीचा कायदासुद्धा दोघांना एकाच घरातून वारशाने मिळाला, १९४९ चा मुंबई राज्याचा, आपण तो परमिटवर सैल केला आणि त्यांनी गांधीजींच्या नावाने घट्ट धरला. किती घट्ट ते दमणच्या बारमध्ये शनिवारी रात्री कळतं.

जेवणाचं पण उरकून टाकतो. एका सरकारी सर्वेक्षणात (२०१४) गुजरातमध्ये ६१ टक्क्यांच्या आसपास लोक शाकाहारी निघाले, म्हणजे दहातले चारजण मांस-मासे खातात. शाकाहार हा जैन, पुष्टिमार्गी वैष्णव आणि स्वामीनारायण संप्रदायाचा प्रभाव, व्यापारी जातींत आधी आणि मग वर सरकू पाहणाऱ्या शेतकरी जातींत. गोड डाळ ही पण सगळीकडची नाही. काठियावाडात जा, बाजरीचा रोटला, लसणाची झणझणीत चटणी, सेव-टमेटानुं शाक, साखरेचा पत्ता नाही. आणि ‘सुरतनुं जमण ने काशीनुं मरण’ ही म्हण गुजराती लोकच वापरतात, म्हणजे सुरतचं जेवण हे बाकीच्या गुजरातलाही अप्रूपच.

परदेशातल्यांचं मात्र थांबून बघायला हवं कारण तिथे ही सगळी सूत्रं एकत्र येतात. १८९३ मध्ये गांधीजी दक्षिण आफ्रिकेला गेले ते कुठल्या चळवळीसाठी नाही, पोरबंदरकडच्या दादा अब्दुल्ला नावाच्या मेमण व्यापाऱ्याच्या कंपनीचा दावा चालू होता, सगळे कागद आणि वह्या गुजरातीत, आणि इंग्रजी कायदा कळणारा गुजराती माणूस हवा होता. मुसलमान शेठ, हिंदू वकील, मध्ये भाषा. जिनांचं घराणंही गोंडल संस्थानातल्या पानेली गावचं खोजा, म्हणजे भारत आणि पाकिस्तान दोन्हीकडच्या राष्ट्रपित्यांचं मूळ काठियावाडात, आणि दोघांचीही मातृभाषा गुजराती.

पूर्व आफ्रिकेत झांझिबार, मोम्बासा, कंपाला इथे खोजा, भाटिया, लोहाणा, पटेल दुकानं टाकून बसले, आतल्या गावांपर्यंत. तिथल्या स्थानिकांच्या मनात त्यांच्याबद्दल राग साचला त्यालाही कारणं होती, धंदा हातात ठेवायचा पण मिसळायचं नाही ही सवय तिथे नडली. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला सांगितलं. हजारो कुटुंबं ब्रिटनला गेली, आणि लेस्टरच्या नगरपालिकेने तर युगांडाच्या पेपरात जाहिरात दिली की कृपा करून आमच्याकडे येऊ नका. ते गेलेच, आणि आता लेस्टरची दिवाळी ब्रिटनभर प्रसिद्ध आहे. अमेरिकेत तीच गोष्ट मोटेलची, पडीक मोटेल नातेवाइकांकडून हातउसने पैसे घेऊन विकत घ्यायचं, तिथेच एका खोलीत राहायचं, चादरी घरच्यांनी बदलायच्या, नोकर ठेवायचा नाही, मग पुढच्या भाच्याला पैसे द्यायचे. यात बँक कुठेच नाही, हुंडीच्या मागे जी अब्रू होती तीच इथे.

तसाच भरवसा अजून रोज मुंबई आणि सुरतच्या मध्ये फिरतो. आंगडिये, म्हणजे भरवशावर मौल्यवान माल पोचवणारे खासगी निरोपे, हिऱ्यांची पुडकी घेऊन रात्रीच्या गाड्यांनी ये-जा करतात. जगातल्या दहापैकी नऊ हिऱ्यांना पैलू पाडणारं हे सुरत, पण घंटीवर (हिरे घासायच्या चाकावर) बसलेले कारागीर मूळचे सुरती नव्हेत, ते अमरेली-भावनगरकडून दुष्काळाला कंटाळून आलेले पाटीदार, म्हणजे पटेल, वराछा भागाला लोक मिनी काठियावाड म्हणतात. आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला, लिंबायत-उधनाकडे, यंत्रमाग आणि डाईंगच्या कामाला आलेले आपले खानदेशी, धुळे-जळगाव-नंदुरबारचे. घरात अहिराणी, कारखान्यात हिंदी, रिक्षात गुजराती. त्यांच्यातून नगरसेवक झाले, आमदार झाले, आणि जळगाव जिल्ह्यात जन्मलेले सी. आर. पाटील शेजारच्या नवसारीतून खासदार होऊन गुजरात भाजपचे अध्यक्ष झाले. मूळ सुरती लोक त्यांना सुरती मानतात की नाही यावर तिथे अजून वाद चालतो, पण तो वाद चालतो गुजरातीतच.